बायकोच्या नावावरचा लाभांश

पहिला लाभांश आला तेव्हा मी दाढी करत होतो. बेसिनच्या कडेवर ठेवलेला फोन वाजला. फेसाळ बोटाने संदेश उघडला तर खात्यात चारशे बारा रुपये जमा. ज्या कंपनीचे शेअर मी अडीच महिन्यांपूर्वी घेतले होते, तिने आपल्या नफ्यातला माझा वाटा पाठवला होता. चारशे बारा रुपयांत डोंबिवलीच्या साध्या हॉटेलातसुद्धा दोन माणसं पोटभर जेवत नाहीत, हे मला कळत होतं. पण एकतीस वर्षं मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात उभ्याने मालाची तपासणी करून पगार घेतला. दाढी करता करता पैसे येण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला ती रक्कम दाखवली. ती म्हणाली, आधी तोंड धुवा, पोहे गार होतायत.

त्याच वर्षी मालकांनी सगळी यंत्रं परराज्यात हलवायचं ठरवलं होतं. आम्हा जुन्या लोकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. तिच्यात स्वेच्छा किती होती ते सोडा, पण फंड, ग्रॅच्युइटी आणि वर दिलेली रक्कम मिळून एक्केचाळीस लाख रुपये माझ्या खात्यात आले. माझं वय चौपन्न. एवढे आकडे मी आयुष्यात फक्त बिल्डरच्या फलकावर पाहिले होते.

सोसायटीतल्या प्रत्येकाकडे सल्ला होता. पोस्टात टाका, बँकेत ठेवा, कर्जतला प्लॉट घ्या. मी निम्म्याहून जास्त पैसे पोस्टात आणि बँकेत टाकलेही. पण बारा लाख वेगळे काढले आणि लाभांश देणाऱ्या कंपन्यांमागे लागलो. किती आनंदात होतो मी त्या दिवसांत! दोनशे पानी वही आणली. कुठली कंपनी किती वर्षं न चुकता लाभांश देते, नफ्यातला किती भाग वाटते, कर्ज किती, सगळं लिहून काढायचो. कारखान्यात मी व्हर्नियरने मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजला होता. तीच नजर मला इथे कामाला आली असं वाटायचं. एक वीज वाहून नेणारी कंपनी, एक साबण करणारी, एक तेल शुद्ध करणारी. संध्याकाळी बायको साडीला फॉल लावत बसली की मी तिला या कंपन्यांच्या गोष्टी सांगायचो. ती हूं हूं करायची.

चुकाही केल्या. एका कंपनीने मोठा लाभांश जाहीर केला. शेअर कोणत्या दिवशी हातात असायला हवेत ते वाचून मी अगदी आदल्या दिवशी घेतले. एका दिवसात फुकटचे पैसे, असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी शेअरचा भाव जवळजवळ तेवढ्याच रुपयांनी खाली आला. बाजार माझ्याहून हुशार आहे हे मी त्या दिवशी वहीत लाल पेनाने लिहिलं. पण चुकलो त्याचंसुद्धा वाईट वाटलं नाही, कारण कळलं होतं.

मग कर आडवा आला. लाभांश आता घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. त्या वर्षी माझा काही महिन्यांचा पगार होता आणि स्वेच्छानिवृत्तीची करमाफीच्या वरची रक्कम होती, त्यामुळे मी एकदम वरच्या टप्प्यात गेलो होतो. लाभांशाच्या प्रत्येक शंभर रुपयांतले तीस सरकारला. मला ते सहन होईना. आणि मग एका सकाळी, भाजी आणायला जाताना, जिन्यातच मला सुचलं: बायकोचं उत्पन्न काहीच नाही. फॉल-बिडिंगचे महिन्याला तीन-चार हजार, बस. शेअर तिच्या नावाने घेतले तर करच नाही. भाजी न आणता मी परत वर गेलो.

आमच्या घरात कागदावर सही घ्यायची एक पद्धत होती. माझ्या वडिलांकडून ती माझ्याकडे आली आणि आमच्या चाळीतल्या बहुतेक घरांत तीच असावी. जिथे सही हवी तिथे मी पेन्सिलने बारीक फुली करायचो. बायको हात पुसून यायची, फुल्यांवर सह्या करायची आणि परत कामाला लागायची. कागद कसला आहे ते ती विचारायची नाही आणि मी सांगायचो नाही. डीमॅट खातं असंच उघडलं. संदेश माझ्या फोनवर यावेत म्हणून नंबर माझा दिला. आठ लाख तिच्या खात्यात टाकून शेअर घेतले. कंपनीने लाभांशातून कर कापू नये म्हणून जो फॉर्म भरून द्यायचा असतो, 'माझ्या उत्पन्नावर कर बसत नाही' असं लिहून द्यायचा, त्यावरही फुली केली आणि सही घेतली.

कर वाचवायचा होता हे खरं. पण आठ लाखच का, आणि तिच्याच नावावर का, ते आता लिहितो. हे मी चौदा वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

बायको लग्नाआधीपासून एका पतपेढीत कारकून होती. माझ्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा तिने नोकरी सोडली. सोडायला मीच सांगितलं. तिच्या फंडाचे एक लाख चौऱ्याऐंशी हजार आले. ते बँकेत मुदत ठेवीत टाकू म्हणून मी तिच्याकडून चेकवर सही घेतली. फुलीवर. त्याच आठवड्यात स्टोअरमधला माझा एक मित्र चहाच्या टपरीवर म्हणाला की एका बांधकाम कंपनीचा भाव महिन्यात दुप्पट होणार, आणि शेअर न घेता नुसता वायदा केला तर थोड्या पैशांत मोठा फायदा. मी ठेव केली नाही. वायदा केला. अकरा दिवसांत सगळे पैसे गेले. मित्राचेही गेले, पण ते त्याचे स्वतःचे होते.

मी तिला सांगितलं की ठेव झाली. पाच वर्षांनी तिने विचारलं तेव्हा म्हणालो, रिन्यू केली. पुन्हा विचारलं तेव्हाही रिन्यू. एकदाच तिने ती मोडायला सांगितली होती. कल्याणला तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि दोन बहिणींनी निम्मा-निम्मा खर्च उचलायचा होता. मी म्हणालो, मुदतीआधी मोडली तर व्याज बुडतं, थोडं थांब. ती थांबली. सगळा खर्च तिच्या मोठ्या बहिणीने केला.

तेव्हा हे आठ लाख. लाभांशातून तिची हरवलेली ठेव हळूहळू उभी करायची आणि एक दिवस सांगायचं, ही बघ तुझी एफडी, पिकली. म्हणजे आधीच्या खोट्यावर एक सुंदर खोटं चढवायचं. त्यात मला कर वाचवल्याचा आनंदही मिळणार होता. एका दगडात दोन पक्षी मारताना दगड बायकोचा आहे हे मी विसरलो होतो.

जुलैत विवरणपत्र भरायला मी ठाण्याला नौपाड्यात एका सीए बाईंकडे गेलो. तिशीतली मुलगी, टेबलावर फायलींचा ढीग आणि एक वेफर्सचं पाकीट. मी मोठ्या हौसेने माझी वही उघडून दाखवली. तिने खरंच कौतुक केलं. मग बायकोच्या खात्याची यादी पाहिली आणि वेफर्स बाजूला ठेवले.

"काका, हे शेअर काकूंच्या नावावर आहेत, पण पैसे कोणाचे?"

"माझेच. म्हणजे आमचेच."

"आमचे असं आयकरात काही नसतं. तुमचे की त्यांचे?"

मी म्हणालो, माझे. मग तिने शांतपणे समजावलं. नवऱ्याने बायकोला पैसे नुसते दिले तर देण्यावर कर नाही. पण त्या पैशांवर जे उत्पन्न येतं ते नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. हा नियम फार जुना आहे, आणि माझ्यासारखे लोक दर जुलैला तिच्यासमोर असेच बसतात. तो लाभांश पुन्हा गुंतवला आणि त्यावर लाभांश आला तर तेवढा मात्र काकूंचा. करकपात नको म्हणून दिलेला फॉर्मही त्यामुळे चुकीचा ठरला होता. तिने हिशेब केला तर माझा एवढा सगळा खटाटोप सात हजार रुपयांच्या आसपासच्या करासाठी होता. वर ती हसून म्हणाली, पुढच्या वर्षी तुमचा पगार नसेल, तेव्हा तुमच्यावर तसाही कर बसणार नाही, एवढी घाई कशाला केलीत?

मी वही मिटायला लागलो. तेव्हा तिने तो प्रश्न विचारला.

"यात काकूंचे स्वतःचे काही पैसे आहेत का? त्यांच्या पगाराचे, फंडाचे? तुम्ही कधी त्यांच्याकडून घेतले असतील आणि आता परत केले असतील, तर तेवढं वेगळं काढता येईल. तेवढ्यावरचा लाभांश त्यांचाच. पण कागद लागेल, काका. आणि काकूंना विचारावं लागेल."

"आहेत," मी म्हणालो.

एवढा एक शब्द बोलायला मला चौदा वर्षं लागली, तेही एका परक्या मुलीसमोर. तिथून उतरलो आणि तलावपाळीला जाऊन बाकावर बसलो. घाबरलो होतो, पण त्याहून जास्त एक विचित्र उत्साह आला होता. मी जी गोष्ट लपवत होतो तीच आता कागदोपत्री सिद्ध करायची होती. करखात्याला खरं सांगायचं तर आधी घरी खरं सांगावं लागणार होतं, दुसरा रस्ताच उरला नव्हता. मी स्वतःहून कधी सांगितलं असतं का? नाही. हे मला कबूल केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माळ्यावरून जुन्या पासबुकांची पिशवी काढली. बायको खिडकीशी एका मोरपंखी साडीला फॉल लावत होती. पासबुकात नोंद सापडली: तिच्या खात्यातून माझ्या खात्यात एक लाख चौऱ्याऐंशी हजार, आणि सहा दिवसांनी माझ्या खात्यातून दलालाकडे. मी ते पान तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. टपरी, वायदा, अकरा दिवस.

तिची सुई थांबली नाही. काठाच्या टोकापर्यंत टाके घालून तिने दोरा दाताने तोडला.

"मग रिन्यू झाली म्हणायचात ते?"

"खोटं होतं."

"आईच्या वेळी मोडू नको म्हणालात तेव्हा?"

"तेव्हा मोडायला काही नव्हतंच."

तिने साडीची घडी घातली. मग म्हणाली, "अहो, मी ताईला सांगितलं होतं की पैसे आहेत पण अडकलेत. तिच्या सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, अडकलेत की हात आखडतोय. मी ऐकून घेतलं. कारण व्याज बुडेल."

एवढं बोलून ती साडी द्यायला खाली गेली. पुढचे आठ दिवस ती माझ्याशी फक्त गरजेपुरतं बोलली. गॅस संपलाय. दूधवाला आलाय. भांडण झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्या आठ दिवसांत मी वही उघडली नाही. कुठल्याशा कंपनीचे अठराशे रुपये जमा झाल्याचा संदेश आला, तोही तिला दाखवायची हिंमत झाली नाही.

नवव्या दिवशी तिने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि शेजारी एक कोरा कागद.

"काढा हिशेब. खरोखर एफडी केली असती आणि दर वेळी रिन्यू केली असती तर आज किती झाले असते?"

पतपेढीत अकरा वर्षं काम केलेली बाई ती. त्या त्या वर्षीचे व्याजाचे दर तिला माझ्याहून नीट आठवत होते. मी पहिल्या वर्षाला सव्वासात टक्के धरले तर म्हणाली, त्या वर्षी साडेआठच्या वर होता, नोकरी सोडायच्या आधी मी स्वतः फलकावर लिहिलाय. रक्कम पाच लाखांच्या थोडी वर गेली. तिने आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

मग ती म्हणाली की तिला ठाण्याला यायचंय. सीए बाईंसमोर तिने पहिला प्रश्न विचारला की या खात्यावर नंबर कोणाचा आहे, आणि तो बदलायला काय करावं लागतं. दुसरा, की ज्या फॉर्मवर आपण सही केली तो कुठे आहे, वाचायला द्या. वाचला, आणि मला म्हणाली, "यात लिहिलंय की मला सगळं माहीत आहे." सीए मुलगी आपल्या संगणकात फार गुंतल्यासारखी झाली.

सीए मुलीचं म्हणणं असं की आपण मुद्दल परत केलं असं धरू, त्याची पासबुकात नोंद आहे. व्याजाचा काही करार नाही, तेव्हा ती रक्कम भेटच. म्हणजे कायद्याच्या नजरेत बायकोचे स्वतःचे एक लाख चौऱ्याऐंशी हजार, आणि बाकी सहा लाखांवरचा लाभांश माझ्या उत्पन्नात. मी त्यावर कर भरला. खरं सांगतो, कारखान्यात पगारातून कापला जायचा त्या करापेक्षा हा भरताना मला कितीतरी बरं वाटलं. चुकीचे फॉर्म कंपन्यांकडून मागे घेतले. घरच्या हिशेबात मात्र तिचे पाच लाख, ते दोघांनी सही करून लिहून ठेवले.

नंबर बदलला आणि महिन्याभराने तिने सांगितलं की तिच्या पाच लाखांतले सत्तर हजार मोकळे करायचेत. आईच्या ऑपरेशनचा निम्मा खर्च. मी म्हणालो, आत्ता विकले तर तेलवाल्या कंपनीचा पुढचा लाभांश हुकेल, दोन महिने थांबलीस तर...

वाक्य माझ्याच कानांना ओळखीचं वाटलं. त्याच दिवशी शेअर विकले.

कल्याणला खडकपाड्याला तिच्या बहिणीकडे आम्ही एका मंगळवारी सकाळी गेलो. बायकोने येतानाच बजावलं होतं की चेक मी देईन, पण का दिला नव्हता ते तुम्ही सांगायचं. जेवणाआधीच मी सांगितलं. मेहुणीने मध्ये एकदाही अडवलं नाही.

"भावोजी, मला वाटलं हिला आईचं काही पडलेलं नाही," ती म्हणाली. "त्यानंतर दोन वर्षं मी हिला नुसती हळदीकुंकवाला बोलावत होते, जेवायला नाही."

मग दोघी बहिणी स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आतून एकदा हसण्याचा आवाज आला, एकदा नाक ओढल्याचा. मी पंख्याखाली बसून होतो. मेहुणीने चेक परत केला नाही, नको नको म्हटलं नाही, पर्समध्ये ठेवला. त्याबद्दल मी तिचा आभारी आहे. ती नको म्हणाली असती तर बायकोला तो उपकार घेऊन परतावं लागलं असतं.

तीनच्या सुमाराला आम्ही डोंबिवलीला यायला रिक्षा केली. पत्री पुलाच्या अलीकडे रांग लागली आणि रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. बायकोने फोन काढला. सत्तर हजारांसाठी विकताना थोडे जास्त विकले गेले होते, पाच हजारांच्या वर रक्कम तिच्या खात्यात पडून होती. तिने मला विचारलं की बाजार किती वाजेपर्यंत असतो. मी म्हणालो, साडेतीन.

तिला एका शिवणाच्या दोऱ्याच्या कंपनीचे शेअर हवे होते. ती कंपनी माझ्या वहीत होती, मी तिच्यावर काट मारली होती. लाभांश फारच कमी. मी तसं सांगितलं.

"दुकानवाले सगळे दोन वर्षांत याच दोऱ्यावर आलेत," ती म्हणाली. "रंग जात नाही, तुटत नाही. मला दुसरा दिला तर मी परत करते. तुमच्या वहीत हे कुठे आहे?"

ते कुठेच नव्हतं. एकतीस वर्षं मालाची तपासणी करून मी माल न बघता आकडे बघत होतो, आणि ती रोज तो दोरा दाताने तोडून बघत होती. मला अगदी पहिल्या दिवसांसारखा हुरूप आला. मी म्हणालो, मग घे, लवकर घे, तीन बावीस झालेत.

तिथे नेटवर्क एक कांडी. तिने संख्या टाकली, आठ. पासवर्ड चुकला. पुन्हा टाकला. मी फोनकडे वाकलो तर तिने फोन आपल्या बाजूला वळवला आणि म्हणाली, दिसतंय मला. पुढची रिक्षा हलली, आमच्यावाल्याने इंजिन चालू केलं, मी त्याला म्हणालो, दादा, दोन मिनिटं थांबा. मागून हॉर्नचा गदारोळ झाला. त्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, काय झालं, कोण पडलं का?

"शेअर घेतोय," बायकोने सांगितलं.

"कुठला?" तो म्हणाला, आणि रिक्षा खरंच थांबवून मागे वळला.

तीन सव्वीसला तिची खरेदी झाली. माफ केलं असं ती त्या दिवशी म्हणाली नाही, अजूनही म्हणालेली नाही, आणि मी विचारलेलं नाही. पण डोंबिवली येईपर्यंत ती रिक्षावाल्याला दोरा कसा तपासायचा ते सांगत होती आणि मी मधे न बोलता ऐकत होतो.